चिलापी मासा : त्याचें रूप व संवयी

कुर्ल्यावरून वाहणारी मिठी नदी विहार व पवई या तलावांच्या सांडव्याच्या पाण्यापासून निघते, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यांपैकीं पवईच्या तलावांत वसति करून राहिलेल्या एका परदेशी पाहुण्याची ओळख आम्ही येथें करून देत आहों. शास्त्रज्ञ त्यास तिलापिया म्हणतात. आपले मच्छीमार चिलापी म्हणतात.

हा मासा मूळचा आग्नेय आफ्रिकेंतला. पीटर्स नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८५२ सालीं त्याचें वर्णन केलें. पुढें बरोबर शंभर वर्षांनीं, १९५२ सालीं, स्वस्त अन्न मिळावें या हेतूनें तो भारतांत आणला गेला.

त्याचें अंग उंच व दोन्ही बाजूंनीं चपटें असून रंग करडा असतो. पाठीवरचा पर लांब व पुढच्या भागांत कांटेरी असतो. बहुतेक माशांस डोक्याच्या प्रत्येक बाजूस दोन नाकपुड्या असतात, यास मात्र एकच. बाजारांत गेल्यावर ही खूण अवश्य पाहावी. विणीच्या काळीं नर काळा होतो, त्याचा गळा पांढरा दिसतो व परांच्या कडा तांबड्या होतात.

नर तळाच्या मातींत बशीसारखा खळगा करतो. मादी त्यांत अंडीं घालते आणि लागलीच तीं आपल्या तोंडांत घेते. पिलें बाहेर पडल्यावरही कांहीं दिवस, भय वाटतांच, मातेच्या मुखांत शिरतात. रोहू लाखों अंडीं घालून निघून जातो. चिलापीचीं अंडीं थोडीं, परंतु जपणूक मोठी.

हीच जपणूक इतरांस मात्र जड जाते. दोनतीन महिन्यांतच ही पिलें वयांत येतात, व मादी वर्षांत अनेकदां वितें. शेवाळ, गाळ, किडे, इतरांचीं अंडीं, कांहींही तिला चालतें. मचूळ किंवा घाणेरडें पाणीही ती सोसते. लहान तळ्यांत गर्दी होऊन तिची स्वतःचीच वाढ खुंटते. भीमेवरील उजनीच्या जलाशयांत ती मुबलक सांपडते व अनेक कुटुंबें तिच्यावर पोट भरतात. तथापि मूळचे मासे घटण्याच्या कारणांत अभ्यासक तिचीही गणना करतात.

म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, घरीं पाळलेला कोणताही मासा दयेपोटीं तलावांत वा नदींत सोडूं नये. एकावर केलेली अविचारी दया पुष्कळांच्या नाशास कारण होते.