ताना सरोवर आणि त्यातील बेटे

आफ्रिका खंडाच्या ईशान्येस इथिओपिया नावाचा पर्वतमय देश आहे. आपल्या दख्खनप्रमाणेच तेथील पठारही ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे थर साचून बनले आहे. प्राचीन काळी या लाव्हारसाच्या एका लोटाने नद्यांची वाट अडवली. त्यामागे पाणी तुंबले आणि ताना सरोवर निर्माण झाले. धरण बांधावयास माणसाला वर्षानुवर्षे खपावे लागते. येथे ते काम पृथ्वीच्या पोटातील अग्नीने केले!

हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच आहे. त्याचा विस्तार सुमारे ३,००० चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या जवळजवळ पाचपट, भरतो. खोली मात्र फारशी नाही. याच्या दक्षिण टोकास बहिर दार हे शहर असून त्याच्याजवळूनच निळी नाईल नदी उगम पावते.

या सरोवरात फिरण्याचे जुने साधन म्हणजे ‘तांक्वा’ ही होडी. ती लाकडाची नव्हे, गवताची असते. काठावरील पाणथळ जागेत पपायरस नावाची उंच वनस्पती उगवते. ती आपल्याकडील लव्हाळ्याच्या कुळातील आहे. तिचे दांडे कापून वाळवतात, त्यांच्या जुड्या करकचून बांधतात आणि दोन्ही टोके वर वळवतात, की झाली होडी तयार. तिला ना फळ्या, ना खिळे. तळातून पाणी खुशाल आत येते, तरीही ती बुडत नाही, कारण दांड्यांच्या भुसभुशीत गाभ्यात हवा असते. नाविक मधोमध गवताच्याच बैठकीवर बसून वल्हे मारतो. जळाऊ लाकडे आणि धान्याची पोतीही अशा होड्यांतून जातात. वाटेत एखादा पाणघोडा डोके वर काढील, तेव्हा मात्र नाविकाला सावध राहावे लागते.

सरोवरात तीसहून अधिक बेटे आहेत. त्यांपैकी अनेकांवर इथिओपियन ख्रिस्ती पंथाचे मठ आहेत. कित्येक चर्चे वर्तुळाकार असून त्यांच्या आतील भिंती रंगीत चित्रांनी भरलेल्या आहेत. ज्याला वाचता येत नव्हते, तो या भिंतींवरूनच धर्मकथा शिके. ताना चर्कोस या बेटावर ज्यूंच्या पवित्र आज्ञापटांची पेटी काही शतके ठेवलेली होती, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे.

परंतु माणसे ही दूरची बेटे का निवडीत? एक कारण एकांत. दुसरे कारण भय. १५२९ पासून १५४३ पर्यंत इमाम अहमद याच्या सैन्याशी इथिओपियाच्या राजांची मोठी युद्धे झाली. त्यांत कितीतरी चर्चे जळाली, ग्रंथांची राख झाली. अशा धामधुमीच्या काळी मौल्यवान वस्तू बेटांवर आणून ठेवीत. बेटेही हल्ल्यांतून सर्वस्वी सुटली नाहीत; तथापि भूमीवर जे उरले नाही, त्यातील बरेच पाण्याच्या वेढ्यात टिकले. गीझ या प्राचीन भाषेत कातड्यावर लिहिलेल्या पोथ्या मठवासी आजही जपतात. दागा एस्तिफानोस या बेटावर तर प्रत्यक्ष सम्राटांचे देह आहेत. १४३४ ते १४६८ या काळात राज्य करणारा झारा याकोब आणि गोंदर राजधानी वसवणारा फासिलिदस यांचे अवशेष तेथे शवपेट्यांत ठेवलेले आहेत. या बेटावर स्त्रियांना मात्र प्रवेश नाही. त्यांना होडीतच थांबावे लागते.

२०१५ साली युनेस्कोने ताना सरोवराच्या परिसराला संरक्षित जीवावरणाचा मान दिला. पण त्याआधीच, २०११ साली, एक निराळाच शत्रू येथे दिसून आला होता. पुण्याच्या मुळा-मुठेत पसरणारी जलपर्णी आपणांस ठाऊक आहेच. तीच येथेही शिरली. ती पाण्यावर दाट गालिचा पसरते, मासेमारीची जाळी अडवते आणि होड्यांची वाट रोखते. काठावरील शेतकरी कमरेइतक्या पाण्यात उतरून ती हातांनी उपटतात व ओढून बाहेर टाकतात. काही दिवसांनी ती पुन्हा पसरते. शेतीसाठी पाणथळ जागा कमी होत गेल्याने पपायरसही पूर्वीइतका उरलेला नाही. तांक्वा काही फार दिवस टिकत नाही. तिचे दांडे पाणी पितात आणि ती जड होते, म्हणून फेरी संपली की नाविक तिला काठावर उभी करून उन्हात वाळत ठेवतो. पुरती कुजली, की त्याला पुन्हा कोयता घेऊन पपायरस शोधीत काठाकाठाने हिंडावे लागते.