कोंबड्यांचं अ‍ॅसिड गाईला चालेल का?

प्रश्न : माझ्याकडे संकरित गाई आहेत. कोंबडीखाद्यात वापरतात ती सेंद्रिय आम्लांची पावडर गाईंना दिली तर दूध वाढेल, असं दुकानदार म्हणतो. द्यावी का?

उत्तर : ती पावडर घेऊ नका. कोंबडीच्या आतड्यातले अपायकारक जिवाणू रोखायला ती आम्लं असतात. गाईचं कोटीपोट मुळात आम्लाचा कारखानाच. चारा आंबवून तिथले जिवाणू अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक आम्लं बनवतात आणि गाय त्यांच्यावरच जगते. तिथला सामू साधारण 6 ते 6.8 हवा. भरडा जास्त झाला की लॅक्टिक आम्ल साचतं, सामू 5.5 च्या खाली घसरतो. मग रवंथ मंदावतं, शेण पातळ, फेसाळ होतं आणि त्यात न पचलेले दाणे दिसतात. दुधाची फॅटही उतरते.

मॅलिक आम्लाचे क्षार मात्र वेगळे. सेलेनोमोनास जातीचे जिवाणू त्यांच्या जोरावर लॅक्टिक आम्ल फस्त करतात. पण प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि किंमत बघता मी तरी लगेच शिफारस करणार नाही. मॅलिक आम्ल कोवळ्या लसूणघासात आयतंच असतं, तो थोडा लावा. भरडा दोनऐवजी तीन-चार वेळा विभागून द्या. चारा फार बारीक कुट्टी करू नका. गाय चघळते तेव्हाच सोडायुक्त लाळ सुटते, दिवसाला शंभर लिटरहून जास्त! खाण्याचा सोडा पशुवैद्यकांना विचारून द्या.

बाहेरून घेतलेल्या प्रोपिऑनिक आम्लाचा खरा उपयोग मुरघासात, बुरशी रोखायला.