कोंबड्या सोडायच्या, पण वेळ बघून

सुनबाई, कोंबड्या दिवसभर खुराड्यात कोंडू नको, आणि उजाडताच मोकाटही सोडू नको. मोकळ्या कोंबडीचं निम्मं पोट उकिरड्यावरच भरतं. वाळवी, किडे, खळ्यावर सांडलेली ज्वारी, कोवळा पाला खाऊन अंड्याचा बलक पिवळाधमक होतो आणि बाजारात गावरान म्हणून चार पैसे जास्त मिळतात. पण गावरान कोंबडी वर्षाला अंडी देणार साठ-सत्तरच. एक तलंग मुंगसानं नेली की तिची वर्षाची कमाई गेली, हे ध्यानात ठेव.

मुंगूस रात्री नाही, भरदिवसा येतं. बांधावर गवत वाढलं की त्याला दडायला जागा होते, म्हणून खुराड्याभोवतीचं गवत कापून चांगली मोकळी जागा ठेव. रात्री रानमांजर आणि कुत्री. त्यासाठी दाराला नुसती दोरी नको, कडी लाव. आभाळात घार-शिकरा दिसला की आईकोंबडी मान वाकडी करून एका डोळ्यानं वर बघते, लांब सूर काढते आणि पिल्लं धावत पंखाखाली शिरतात. तरी तिच्या भरवशावर राहू नको. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत डालग्याखाली ठेव, वर दगड ठेव.

सकाळी दहापर्यंत बहुतेक अंडी खुराड्यात पडतात, म्हणून त्यानंतर सोड. आधी सोडलीस तर कडब्याच्या गंजीत घालतील आणि तुला कळायच्या आत कावळा फोडेल. संध्याकाळी मूठभर दाणे टाक, म्हणजे दिवे लागायच्या आत सगळ्या आपसूक परततात. एप्रिल-मेमध्ये मात्र हा नेम बदल. सोलापुरात पारा 42-43 वर चढतो, कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. तेव्हा पहाटे सोड, दुपारी लिंबाच्या सावलीत कोंडून पाणी ठेव आणि पुन्हा पाचनंतर सोड.

शेजारच्या डाळिंबाच्या बागेत फवारणी असली किंवा रानात औषध लावलेलं बियाणं पेरलं असलं, तर त्या दिवसांत सोडायचंच नाही. आधी विचारायला लाजू नको.

मानमोडी रोगानं मात्र खुराड्यातल्या आणि रानातल्या दोन्ही मरतात, आणि मोकळ्या कोंबड्या रोग घरोघर नेतात. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात टाक, मिसळलेली लस बर्फावर ठेव आणि दोन तासांत संपव. आठव्या आठवड्यात पंखाखाली आर-टू-बी लशीचं इंजेक्शन पशुवैद्यकीय दवाखान्यातून टोचून घे. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. म्हणून एकदम चार-पाच मेल्या, तर त्या उकिरड्यावर टाकू नको, उरलेल्या बाजारात नेऊ नको, लगेच दवाखान्यात कळव.