नर्सिंग : पगारासाठी की सेवेसाठी?

प्रश्न : नर्सिंगला पगार पाहून जावे, की सेवाभाव असेल तरच?

उत्तर : नर्सिंग हा रीतसर शिकून करायचा व्यवसाय आहे. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविकेला ३ वर्षे, बी.एस्सी. नर्सिंगला ४ वर्षे लागतात. पुढे राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी. त्यामुळे पगाराची अपेक्षा रास्तच. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकांना दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. मात्र रात्रपाळीत दर दोन तासांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे, पाठीवर शय्याव्रण तर नाही ना हे पाहणे, केवळ पगारासाठी फार काळ निभत नाही. प्रवेशाआधी वेतनाची चौकशी करावी. बेडपॅन देण्याची तयारीही तपासावी.