अवतरणचिन्हांत अडकलेला सेल

प्रश्न : सोसायटीच्या हिशेबात पाच हजारांवरच्या खर्चांची बेरीज हवी आहे. मर्यादा ई१ मध्ये लिहिली, सम-इफमध्ये ">ई१" अशी अट दिली. उत्तर शून्य!

उत्तर : मर्यादा वेगळ्या सेलमध्ये ठेवलीत, हे उत्तमच. पण अवतरणचिन्हांतला ई१ एक्सेलच्या लेखी सेल नव्हे, नुसता मजकूर. चिन्ह तेवढं अवतरणात ठेवा, सेल बाहेर काढा, मध्ये & जोडा : =सम-इफ(सी२:सी२००,">"&ई१). (सूत्र अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचं.) अट ‘इतकेच’ अशी असेल तर नुसता ई१ पुरतो. सूत्र खाली ओढणार असाल, तर पल्ला आणि ई१ दोन्हींना एफ४ दाबून डॉलरचिन्हं लावा. नाहीतर पुढच्या ओळीत ई२ होईल. तरीही शून्यच आलं, तर रकमा मजकूर म्हणून साठल्या आहेत का ते तपासा.