‘हँड’ म्हणजे हात, पण दर वेळी नाही!



या महिन्याच्या पाठात एकच इंग्रजी शब्द घेऊ : हँड. हँड म्हणजे हात, हे अंगणवाडीतलं पोरसुद्धा सांगेल. पण हाच शब्द गटाच्या वहीत, कर्जाच्या कागदावर, मालाच्या लेबलवर येतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. नुसती मान हलवून पुढे गेलो, तर पैशाला चाट बसू शकते.

१. कॅश इन हँड : म्हणजे हातशिल्लक. बँकेतली रक्कम यात येत नाही. समजा, सुरुवातीची हातशिल्लक १,२०० रुपये. बैठकीत बचत २,००० आणि कर्जफेड ३,५०० जमा झाली. एकूण ६,७००. त्यातून एका ताईला ५,००० कर्ज दिलं आणि १,००० बँकेत भरले. मग कॅश इन हँड ७०० रुपये. वहीत ७०० लिहिलंय, तर पेटीतही ७०० निघायला हवेत. सगळ्यांसमोर मोजा, मगच सही करा.

२. इन हँड किती? : म्हणजे कापून-सवरून प्रत्यक्ष हातात किती पडणार? समजा, कंपनीने ४०,००० कर्ज मंजूर केलं. प्रक्रिया शुल्क ६०० आणि विमा ९०० कापला, तर इन हँड ३८,५०० येतील. व्याज मात्र पूर्ण ४०,००० वर लागेल. म्हणून “मंजूर किती?” एवढंच विचारू नका, “हातात किती आणि कापलं कशाकशाचं?” हेही विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्जाचा करार आणि कर्जकार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत असायला हवं. मराठीत मागायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

३. हँड लोन : आपलं हातउसनं. ओळखीवर, कागदाशिवाय घेतलेले पैसे. गटाच्या पेटीतून मात्र कुणालाच हँड लोन नको, अध्यक्षांनाही नाही! दोन दिवसांसाठी दिले तरी ठराव आणि नोंद हवीच.

४. सेकंड हँड : आधी कुणीतरी वापरलेली वस्तू. शिलाई मशीन, चक्की अशी घेतली तरी चालते, पण चालवून बघा आणि पावती घ्या.

५. हँडमेड आणि हँडलूम : हँडमेड म्हणजे हाताने बनवलेलं. हँडलूम म्हणजे हातमाग. दोन्ही एक नाहीत. बाजारातलं गिरणीचं कापड आणून तुम्ही पिशवी शिवली, तर ती हँडलूमची होत नाही. हातमागाच्या अस्सल कापडासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. प्रदर्शनात गिऱ्हाईक हे विचारतं. लेबलवर खरं तेच लिहा.

६. हँडओव्हर : सोपवणं. पदाधिकारी बदलले की वह्या, पासबुक, चेकबुक, शिक्का आणि रोकड नव्या ताईंकडे द्यायची. तोंडी नको. यादी करून दोघींच्या सह्या घ्या.

७. हँडहोल्डिंग : प्रशिक्षणात साहेब लोक हा शब्द फार वापरतात. अर्थ साधा : नव्या गटाला बोट धरून चालवणं. पुढे बोट सुटलंच पाहिजे, हे त्यातच आलं.

आता गंमत बघा. इंग्रजीत घड्याळाच्या काट्यांनाही हँड म्हणतात आणि शेतावरच्या मजुरालाही. आपणही म्हणतोच ना, “सोंगणीला चार हात कमी पडले”? आणि बेरजेत ‘हातचा एक’ धरतो, तोही हातच! शब्दाला असे अनेक अर्थ असणं आपल्याला नवं नाही. म्हणून इंग्रजी शब्द दिसला की बिचकायचं नाही. आजूबाजूचे शब्द वाचायचे आणि तरी कळलं नाही तर विचारायचं.

गृहपाठ : येत्या बैठकीत रोकडवही उघडा. ‘कॅश इन हँड’ किंवा ‘हातशिल्लक’ ही ओळ एकीने मोठ्याने वाचावी, दुसरीने पेटीतले पैसे मोजावेत. आकडा जुळला तर छान. नाही जुळला, तर त्याच बैठकीत फरक शोधा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.