पेरायला उशीर नको, विकायला घाई नको

बाळा, जबलपूरकडच्या पाटणची शेती यंदापासून तू बघणार. माझ्या वडिलांनी मला जे सांगितलं, त्यात माझी भर घालून तुझ्या कानावर घालतो.

ही हवेलीची, म्हणजे पाणी कोंडून पिकवायची काळी जमीन. पूर्वी पावसाळाभर शेताला बंधान घालून पाणी कोंडायचे. तण जागीच कुजायचं, नवरात्राच्या सुमारास पाणी सोडून द्यायचं आणि वाफसा आला की गहू-हरभरा पेरायचा. मुरलेल्या ओलीवरच पीक निघायचं. आता बोअर आहे, खरिपात धान आहे. तरी बंधानं मोडू नकोस. पाणी मुरलं तर मोटर कमी चालते.

गहू नोव्हेंबरात पेर. आधी मटर घेतलास, तर शेंगा तोडून गव्हाला डिसेंबर उजाडतो. तेव्हा उशिरा पेरणीचाच वाण घे, नाहीतर मार्चच्या उन्हात दाणा बारीक राहतो. पहिलं पाणी एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळं फुटताना. बाकीचं एखादं चुकलं तर चालेल, हे चुकवू नकोस. बियाणं घरचं ठेव, पण तीन-चार वर्षांनी कृषी विद्यापीठातून नवं आण.

एकरी किती पिकलं हे गावाला सांगायला ठीक. तू वहीत दुसरा हिशेब लिही. २०२५ साली गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता, वर राज्याचा १७५ बोनस. म्हणजे एकरी दोन क्विंटल वाढले तर ५२०० रुपये. ते वाढवायला खत-औषधात सहा हजार घातलेस, तर पीक वाढलं आणि घर बुडालं.

आता विक्री. तरुणपणी घेणेकऱ्याच्या धास्तीने मी ओला गहू थेट मंडीत नेला. एका आडत्याने मूठभर दाणे चुरडून भाव पाडला. बैलगाडी परत आणायची हिंमत नव्हती, दिला. तेव्हापासून दाणा दाताखाली कट्‌ वाजल्याशिवाय पोतं शिवत नाही. खरेदी केंद्रावरही १२ टक्क्यांवर ओल गेली की पैसे कापतात.

हमीभावाचं पंजीयन, म्हणजे नोंदणी, मुदतीत करून ठेव, विकायचं असो वा नसो. २०२२ साली हमीभाव २०१५ होता; युक्रेनच्या युद्धामुळे व्यापारी त्याहून जास्त देत होते. आणखी चढेल म्हणून काहींनी सगळा माल दाबून ठेवला. १३ मे रोजी सरकारने निर्यात बंद केली आणि भाव उतरले. म्हणून तीन वाटे कर: एक देण्यांसाठी लगेच, एक पावसाआधी, एक घरच्या खाण्या-बियाण्याला. पोती फळ्यांवर रच, भिंतीपासून हातभर दूर.

आणि सोसायटीचं कर्ज वेळेत फेड. देणं अंगावर नसेल, तर भाव पडलेल्या दिवशी गाडी माघारी आणायची हिंमत येते. ती मला तेव्हा नव्हती; तुला असावी.